दारापाशी ठेवलेली बादली

दुल्माची एक जुनी तक्रार होती, आणि ती येईल त्या पाहुण्याला चहाबरोबर ऐकावी लागायची. "आमच्या घरात हिवाळ्यात दोन बायका नांदतात. एक मी, आणि एक ती बाहेर उभी आहे. माझ्याआधी तिच्या झोपण्याची सोय होते."

बाहेर उभा असायचा तो दामदिनचा ट्रक. निळं केबिन, मागे लाकडी फळ्यांचा हौदा, एक दिवा फुटका. थंडी एकदा उणे चाळीसच्या खाली उतरली की तो ट्रक बंद करणं सोपं आणि सकाळी परत उठवणं महाकठीण. म्हणून दामदिनचा रोजचा नेम ठरलेला होता. संध्याकाळी गाडी थांबली की आधी रेडिएटरचं पाणी सोडायचं, नाहीतर रात्रीत बर्फ होऊन इंजिन फुटेल. मग इंजिन गरम आहे तोवर खाली झोपून चेंबरचा बोल्ट काढायचा आणि सगळं तेल बादलीत उतरवून घ्यायचं. ती बादली घरात चुलीच्या डाव्या अंगाला, वर फळी झाकून. बॅटरी पलंगाखाली. इंजिनावर जुन्या नमद्यांचे, म्हणजे लोकरीच्या जाड चटयांचे, तीन थर.

"माझ्या अंगावर कधी घातलंस का रे पांघरूण एवढ्या मायेनं?" दुल्मा विचारायची.

"तू सकाळी हँडल न मारता उठतेस," दामदिन म्हणायचा.

मी त्सेवेलमा. त्या खोऱ्यातल्या चाळीसेक घरांची मी तेवीस वर्षं नर्स होते. लोक तोंडावर डॉक्टरीणबाई म्हणायचे आणि माघारी काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे, कारण माझी जीभ तिखट होती आणि अजूनही आहे. सुई टोचताना रडणाऱ्या बाप्यांना मी पोरांसमोर झापायची. दामदिनला तर सगळ्यात जास्त. तो माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. त्याला मी दादा म्हणायची आणि दादा म्हणून पुढे वाट्टेल ते बोलायची.

दामदिनचा जन्म मेंढ्यांत झाला, पण जीव यंत्रात. सतराव्या वर्षी सहकारी संस्थेनं त्याला तालुक्याला गाडी शिकायला पाठवलं. तिथून पुढे खोऱ्यातली लोकर, कातडी, सरपण, शाळेची पोरं, नवरी मुलगी, आजारी म्हातारे, सगळं त्याच्याच हौद्यातून गेलं. ऋतू पालटला की अख्खी घरं, म्हणजे नमदे, काठ्या, चुली, पेट्या, तो एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर हलवायचा. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा वाकडा होता. तरुणपणी हँडल मारताना इंजिनानं उलटा झटका दिला होता. "हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा," तो कुणालाही सांगायचा, ज्याला ट्रकशी काही देणंघेणं नाही त्यालासुद्धा. "हे मला हाड मोडल्यावर कळलं. तुम्हाला फुकट सांगतोय."

पुढे संस्था मोडली. तिच्या मालकीचं जे होतं त्याची वाटणी झाली. लोकांनी मेंढ्या मागितल्या, याक मागितले, घोडे मागितले. दामदिननं ट्रक मागितला. सगळं खोरं हसलं. पेट्रोल मिळत नव्हतं, टायर मिळत नव्हते आणि इंजिनाचं तेल तर औषधालाही मिळत नव्हतं. दोन वर्षं तो एकच तेल फडक्यातून गाळून पुन्हापुन्हा वापरत होता.

मीही हसले होते. "दादा, मेंढी वर्षाला कोकरू देते. हा तुला काय देणार?"

"तुला एक दिवस तालुक्याला नेऊन पोचवणार," तो म्हणाला. "अट एकच. वाटेत बडबड करायची नाही."

तो दिवस दुसऱ्याच हिवाळ्यात आला.

पांढऱ्या महिन्याचा, म्हणजे आमच्या नव्या वर्षाचा, सण तीन आठवड्यांवर होता. दामदिनची सून सोलोंगो पहिलटकरीण होती. तिचा नवरा, म्हणजे दामदिनचा एकुलता मुलगा गानसुख, घोडे घेऊन खिंडीपलीकडे चराईला गेला होता. दुपारी दामदिन ट्रक घेऊन माझ्या दारात आला. "सुनेला बारीक बारीक कळा येतायत. चल." मी गेले. संध्याकाळपर्यंत कळा धीम्याच होत्या, पहिल्या खेपेला असतात तशा. गाडी रात्रभर चालू ठेवावी का, असं दामदिननं मला विचारलं, पण त्याचं उत्तर त्यालाच माहीत होतं. रात्रभर इंजिन चाललं असतं तर सकाळी तालुक्याला पोचायला पेट्रोल उरलं नसतं. त्यानं नेहमीसारखं पाणी सोडलं, तेल उतरवलं, बॅटरी आत घेतली.

उजाडता उजाडता सोलोंगोचं पाणी गेलं आणि पाण्याबरोबर बाळाचा हात बाहेर आला. डोकं नाही. एवढासा हात, मुठीसकट.

बाळ पोटात आडवं होतं. मी शिकले ती शाळा दोन वर्षांची होती, पण तिथे एवढं नीट शिकवलं होतं की असा हात दिसला तर नर्सनं करण्यासारखं काही राहत नाही. पोट उघडावं लागतं. पोट उघडणारा डॉक्टर बासष्ट किलोमीटरवर तालुक्याच्या इस्पितळात होता. घोड्यावर तिला बसवता येणार नव्हतं. उंटाच्या गाडीला दिवस लागला असता आणि त्या थंडीत ती वाटेतच संपली असती. मी लाकडी नळी पोटाला लावून ऐकलं. बाळाचे ठोके होते, चांगले होते.

बाहेर जाऊन मी दामदिनला गाठलं. "दादा, ऑपरेशन लागणार. आज नाही, आत्ता."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "पाऊण तास दे," म्हणाला.

त्याचा पाऊण तास पक्का असायचा. पत्र्यावर गोवऱ्यांचा विस्तव करून तो चेंबरखाली सरकवायचा. तोवर घरात पाणी उकळायचं आणि तेल चुलीशी बसून पातळ व्हायचं. जाता जाता त्यानं बादली चुलीला अगदी चिकटवून ठेवली, फळी काढली आणि तो विस्तव करायला गेला. दुल्मा कुऱ्हाड घेऊन रेडिएटरच्या पाण्यासाठी नदीवरचा बर्फ फोडायला गेली. घरात सोलोंगो आणि मी, दोघीच.

गरम झालेल्या जुन्या तेलाला एक वास येतो. सोलोंगोला प्रत्येक कळेबरोबर उमासे यायला लागले. एकदा, दोनदा, मग उलटी झाली, आणि प्रत्येक उमाशाला तो हात आणखी खाली सरकत होता. "ताई, तो वास," ती म्हणाली, "तो वास काढा हो इथून."

मी बादली उचलली आणि दारापाशी नेऊन ठेवली.

दारापाशी दोरीला चार करडं बांधलेली होती. हिवाळ्यात अवेळी जन्मलेली करडं बाहेर ठेवली तर तासात मरतात, म्हणून आमच्याकडे ती घरातच असतात. करडं काय करतात हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला ती दिसली होती. हे मी आज लपवत नाही. दिसली, आणि मनात आलं की दोनच मिनिटं, दुल्मा आली की तिला बादली हलवायला सांगू. मग सोलोंगोला मोठी कळ आली आणि मी तिच्याकडे वळले.

मागे भांडं पडल्यासारखा आवाज झाला. वळून पाहिलं तर एक काळ्या तोंडाचं करडू चारी पाय तेलात घेऊन उभं होतं आणि बादली आडवी होती. आमच्या जमिनीवर नमदा, नमद्याखाली वाळलेल्या शेणाचा थर. असा थर तेल पितो. मी डावानं खरवडायला धावले. नमदा पिळला. बादलीत तळ झाकेल एवढं तेल आलं, तेही केसांनी आणि शेणानं भरलेलं.

तेवढ्यात दामदिन वाकून दारातून आत आला. तेल न्यायला.

त्यानं बादलीकडे पाहिलं. मग चुलीजवळच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.  एवढ्यात बर्फाचं पोतं ओढत दुल्मा आली आणि किंचाळली, "अगं आई गं! कुणी? कुणी केलं हे?"

"मीच," दामदिन म्हणाला. "घाईत दाराशी ठेवली. माझ्याच पायानं लवंडली."

मी तोंड उघडलं. त्याच वेळी सोलोंगो ओरडली. मी तिच्याकडे गेले. तो क्षण गेला तो गेलाच.

दामदिन जमिनीवर बसला. फार नाही, चहाचे दोन घोट घ्यायला लागतो तेवढाच वेळ. खोऱ्यात दुसरा ट्रक नव्हता. बारा किलोमीटरवर एकाची मोटरसायकल होती, पण ती दोन महिने बंद पडलेली. तेल फक्त तालुक्याला होतं आणि तालुक्याला जायला तेल लागत होतं. तो उठला आणि म्हणाला, "दुल्मा, सणाचं मटण काढ."

"काय?"

"शेपटाची चरबी. आणि कातडी पिशवीतलं लोणी. जे काही वितळेल ते सगळं."

आमच्याकडे वर्षाच्या सणाला मेंढीची अख्खी पाठ, चरबीच्या रुंद शेपटासकट, उकडून पाटावर मांडतात. घरात पाऊल टाकणारा प्रत्येक जण आधी तिच्यापुढे बसतो. थोरांना पहिला तुकडा त्याच चरबीचा मिळतो. ज्या घराच्या पाटावर ती नाही त्या घरात सण नाही. दुल्मानं त्या मेंढ्याला दोन वर्षं खास चारलं होतं आणि त्याच्या शेपटाची रुंदी ती पाहुण्यांना हातानं मापून दाखवायची. ती चरबी काळ्या इंजिनात ओतायची म्हणजे काय, हे मला सांगता येणार नाही. ती नवऱ्याकडे बघत राहिली. मग तिनं सोलोंगोकडे पाहिलं, कुऱ्हाड उचलली आणि बाहेरच्या पेटीकडे गेली.

चरबी दगडासारखी गोठलेली होती. दुल्मा कुऱ्हाडीनं ढलप्या काढत होती आणि कढईत टाकत होती. वितळायला वेळ लागत होता. चूल लाल झाली तरी वेळ लागत होता. मी दर पाच मिनिटांनी नळी लावून ठोके मोजत होते आणि दर वेळी मनात एकच वाक्य येत होतं, मी हलवली, मी हलवली. बाहेर दामदिनचा विस्तव विझला होता. तो त्यानं पुन्हा पेटवला.

पहिली कढई दुल्मानंच फडक्यातून गाळून ओतली. ओतताना ती ट्रकला म्हणाली, "आजवर माझी पांघरुणं खाल्लीस. घे, आता माझा सण खा." आणि रडायला लागली. रडता रडता ओतत राहिली, एक थेंब बाहेर सांडू दिला नाही.

मग हँडल. ते जागचं हलेना. दामदिननं अंगातला कातडी अंगरखा काढून इंजिनावर टाकला आणि नुसत्या सदऱ्यावर ताकद लावली. हँडल चार बोटं फिरलं आणि अडकलं. खाली बघतो तर रेडिएटरच्या तोटीत बर्फ बसलेला. गरम पाणी ओतायचं ते तोटी उघडी ठेवून, खालून ऊन पाणी येईतो, मगच तोटी बंद करायची, हा त्याचाच नियम. पण घाईत तोटी आधी बंद झाली होती आणि तळाचं पाणी गोठून पाण्याचा पंपच अडकला होता. तीस वर्षांत त्याच्या हातून ही चूक झाली नव्हती. तो बर्फात उताणा झोपला आणि तोटीवर पेटत्या गोवऱ्या हातानं धरून बसला. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. बोटं भाजत होती की गोठत होती, ते त्याचं त्यालाही कळत नसेल.

"दादा, मी काय करू?" मी विचारलं.

"आत जा. तिच्यापाशी बस."

"मला काहीतरी करू दे!"

"मग हँडलला हात लाव," तो म्हणाला. "अंगठा बाजूला."

आम्ही दोघांनी मिळून हँडल मारलं. पंचवीस, तीस, किती ते आठवत नाही. माझ्या तोंडात रक्ताची चव आली. दामदिन इंजिनाशी बोलत होता, आधी शिव्या देत, मग हात जोडून. "ऊठ गं बये. एकदाच ऊठ. परत कधी नाही म्हणणार मी तुला ऊठ म्हणून." सूर्य टेकडीवर चांगला हातभर वर आला होता. निघायचं ठरलं होतं त्याला अडीच तास उलटले होते.

आणि मग ट्रक खोकला. एकदा खोकला, थांबला, पुन्हा खोकला आणि सुरू झाला. मागून पांढरा धूर निघाला आणि सगळ्या अंगणात मटण भाजल्याचा वास पसरला. आम्ही सोलोंगोला गुंडाळून केबिनमध्ये ठेवलं. मी खाली पायांशी गुडघ्यावर बसले. दुल्माला गुरांसाठी मागे राहणं भाग होतं. तिनं दुधाची पळी घेऊन चाकांवर दूध शिंपडलं, वाट नीट जावी म्हणून. ट्रक निघाला तशी वासावर घरची तिन्ही कुत्री मागे धावत सुटली. दुसऱ्या कुठल्याही दिवशी आम्ही पोट धरून हसलो असतो.

वाटेत दामदिन एकदाही थांबला नाही. खिंडीवर दगडांची रास आहे, निळी कापडं बांधलेली. तिथे उतरून दगड ठेवून तीन फेऱ्या घातल्याशिवाय तो कधी पुढे गेला नव्हता. त्या दिवशी त्यानं फक्त तीनदा हॉर्न वाजवला आणि पुटपुटला, "येताना घालतो."

खिंड उतरल्यावर इंजिनातून ठक ठक ऐकू यायला लागलं.

"ते काय आहे?" मी विचारलं.

"बेअरिंग. चरबी जळत चालली."

"थांबवून बघायचं का?"

"थांबलं तर परत उठणार नाही." मग जरा वेळानं म्हणाला, "तसंही, आजच्यानंतर नाहीच उठणार." हे त्याला कढई चुलीवर चढवली तेव्हाच माहीत होतं.

तालुका चार किलोमीटरवर राहिला, धुराडी दिसायला लागली, आणि इंजिनात काहीतरी मोडल्यासारखा आवाज होऊन ट्रक जागीच उभा राहिला. दामदिननं चावीला हातही लावला नाही. त्यानं आपला अंगरखा सोलोंगोवर घातला, दार उघडलं आणि धावत सुटला. उणे चाळीसच्या खालच्या थंडीत, पंचेचाळिशी उलटलेला माणूस, चार किलोमीटर.

गाडी बंद पडल्यामुळे शांत झालं. घर सोडल्यापासून इंजिनाच्या आवाजात मला ठोके ऐकू आले नव्हते. मी नळी सोलोंगोच्या पोटाला लावली. ठोके होते. पण हळू. मी मोजले. ऐंशी. काही वेळानं सत्तर. मग मोजता मोजता दोन ठोक्यांत एवढं अंतर पडायला लागलं की मी श्वास धरून पुढच्याची वाट बघायची. सोलोंगो माझ्याकडे बघत होती. "आहेत ना, ताई?" मी म्हटलं, आहेत. काही वेळानं तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, आहेत. त्या वेळी नव्हते.

इस्पितळाची जीप आली. डॉक्टरनं पोट उघडलं. सोलोंगो वाचली. मुलगा होता.

डॉक्टर तरुण होता आणि खूप चिडला होता. रक्ताळलेला डगला तसाच अंगात ठेवून तो बाहेर आला. "एक तास आधी आणलं असतं तर रडलं असतं हे बाळ. काय करत होतात तुम्ही?"

दामदिन भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. तो पुढे आयुष्यभर गेला नाही. "तेलाची बादली माझ्याकडून सांडली," तो म्हणाला.

मी शेजारी उभी होते. माझ्या नखांत अजून ते तेल होतं. मी गप्प राहिले. घाबरले होते, दुसरं काही कारण नाही. नोकरी जाईल, खोऱ्यात तोंड दाखवता येणार नाही, कुणी बाळंतपणाला बोलावणार नाही. ज्या जिभेचा मला एवढा तोरा होता, ती त्या दिवशी हलली नाही.

पुढचं खोऱ्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. गानसुख घोड्यांकडून परतला आणि बापाशी वर्षभर एक शब्द बोलला नाही. एका घरात, एका चुलीवरचं जेवण, आणि मुलगा बापाच्या हातून वाडगाही घेईना. त्या सणाला दुल्माच्या पाटावर नुसत्या पाव-बिस्किटांच्या राशी होत्या. मधली जागा तिनं तशीच मोकळी ठेवली होती. लोकांनी दामदिनला नाव पाडलं, चरबीवाला. लग्नाकार्यात कुणी तेलकट ताट पुढे केलं की हमखास कुणीतरी म्हणायचं, "जपून, चरबीवाल्याच्या पायाशी ठेवू नका!" दामदिन सगळ्यांत आधी हसायचा आणि हसता हसता त्याला खोकला लागायचा. ट्रक घोड्यांनी ओढत आणून त्यानं घरामागे उभा केला. तो पुन्हा चालला नाही. पुढे हिवाळ्यात करडं त्याच्या केबिनमध्ये ठेवायला लागले.

मी मात्र त्याला झापायचं सोडलं. एकदा त्यानंच विचारलं, "काय गं, आजारी आहेस का? दोन वर्षांत मला एक शिवी नाही." मी पिशवी आवरून निघून आले.

चौथ्या वर्षी सोलोंगोला पुन्हा दिवस राहिले. मला वाटलं, आता तिला महिनाभर आधीच तालुक्याला नेऊन ठेवतील. पण एका सकाळी दामदिन घोड्यावर बसून दारात आला, मागे माझ्यासाठी खोगीर घातलेला दुसरा घोडा. "चल, कळा सुरू झाल्या." मुलगी झाली, सुखरूप. तिच्यानंतर मुलगा. दोघांच्या नाळा मी कापल्या.

मागच्या हिवाळ्यात दामदिन गेला. छातीनंच गेला. एकोणपन्नासाव्या दिवशी लामा शेवटचा विधी करून गेले, पाहुणे जेवून उठले, आणि घरात दुल्मा, गानसुख, सोलोंगो आणि मी उरलो. जाता जाता एक शेजारी नेहमीचा विनोद करून गेला होता. त्या चरबीचा. गानसुखही जरासा हसला होता.

"ती बादली मी हलवली होती," मी म्हणाले.

 मला वाटलं कुणाला ऐकू गेलं नसेल, म्हणून मी सगळं सांगितलं. वास, उलटी, करडं, दोन मिनिटं. सांगताना मी दुल्माकडे बघत होते, कारण गानसुखकडे बघायची हिंमत नव्हती.

दुल्मा चहा गाळत होती. तिनं गाळणं पुरतं निथळू दिलं. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"दादानं सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? वीस वर्षं त्या माणसानं बादली एकाच जागी ठेवली. करडांजवळ तो चहाचा वाडगा ठेवायचा नाही. मी त्याला विचारलं, का अंगावर घेतलंस? तर म्हणाला, खोऱ्यात नर्स एकच आहे. ड्रायव्हरला लोक हसतील, हसू देत, त्याचा ट्रक तर गेलाच आहे. तिच्यावर कुणाचा भरवसा राहिला नाही तर पुढच्या बाळंतिणीनं कुणाकडे बघायचं?"

"आणि तुम्ही, वहिनी?"

"मी?" तिनं माझ्या वाडग्यात चहा ओतला.  "मी तुला मनातून रोज शिव्या घातल्या. सोलोंगोला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा म्हटलं, कुणीही आणा, ती नको. भांडले त्याच्याशी. तर त्यानं घोड्यावर खोगीर चढवलं आणि तुलाच घेऊन आला."

सोलोंगो चुलीकडे बघत बसली होती. तिनं पदराशी चाळा करावा तशी अंगरख्याची बाही ओढली, सोडली, पुन्हा ओढली. ती माझ्याकडे बघेना.

गानसुख उठला. टोपी घातली. दारात वाकला, पण बाहेर पडला नाही. पाठ माझ्याकडेच होती.

"वर्षभर मी त्याच्या हातचा वाडगा घेतला नाही," तो म्हणाला. "ताई, हे तो असताना सांगायचं होतं."

मग तो बाहेर गेला. दार त्यानं हलकेच ओढून घेतलं, आत थंडी येऊ नये म्हणून.